मांडावरचे ढालो स्टेजवर न्यावे का?

प्रश्न : ताई, मी गोव्यातल्या फोंड्याकडची, नाटकाचं शिक्षण घेतेय. ढालो म्हणजे पौषात बायका मांडावर, त्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, रात्री गात नाचतात ते. आजी आमच्या वाड्यावर ढालोत पुढे असायची, तिची गाणी मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलीत. त्यावरून प्रयोग बसवतेय, आमचे पूर्वज, त्यांची जमीन आणि आता मांडाला लागून प्लॉट पडताहेत ते सगळं घेऊन. ढालोच्या शेवटी काही बायकांच्या अंगात रंभा, म्हणजे देवता, येतात तो भाग मला स्वतः करायचाय. आई म्हणते ते स्टेजवर करायचं नसतं, मित्र म्हणतात कलाकाराला बंधन नको. कुणाचं ऐकू?

उत्तर : रंभेपुरतं आईचं ऐक. बाकी प्रयोग अजिबात सोडू नकोस. पौषातल्या रात्री बायका समोरासमोर रांगा धरून जे गातात, ती गाणी, ती पुढेमागे जायची चाल, फुगड्या, हे सगळं तू स्टेजवर आण, मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पण अंगात येणं कुणी करायचं नसतं, ते येतं, आणि ज्या बायका मांडावर ते अनुभवतात त्यांच्यासमोर त्याची नक्कल मला तरी बघवणार नाही.

मित्रांना सांग, खरी बंदी ह्या मातीने बघितलीय. 1736 मधे इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढला आणि बाटलेल्या घरांतून लग्नातल्या ओव्या, दारातली तुळस, सगळंच बंद करायला लावलं. तरी शिवोली गावात नाताळानंतरच्या सोमवारी जागोर, म्हणजे रात्रीचं लोकनाट्य, होतोच, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. काय राखायचं ते तिथल्या लोकांनी ठरवलं म्हणून ते राहिलं. बदल चालत नाही असंही नाही हां, घुमट ह्या आपल्या मातीच्या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात आणि आरतीला घुमट वाजतोच. पण तो बदल वाजवणाऱ्यांनी केला. तुझ्या बाबतीत ठरवणाऱ्या त्या गाणाऱ्या बायका, म्हणून आधी त्यांच्यात जाऊन बस, कुठलं गाणं मांडाबाहेर म्हणत नाहीत ते विचार, आणि नाही म्हणाल्या तर ते गाणं सोड, वाद घालू नकोस.

आता प्लॉटचं. माझ्या मते तुझ्या प्रयोगाचा जीव इथे आहे, कारण मांडच गेला तर पुढच्या पौषात बायका जमणार कुठे? एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढ, जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघ, कित्येकदा लोक पिढ्यान्‌पिढ्या नाचतात आणि कागदावर मांडाचा उल्लेखच नसतो. बायकांना घेऊन ग्रामसभेत जा, मांड राखायचा ठराव घ्यायला लाव. पहिला प्रयोग पणजीत नको, वाड्यावरच कुणाच्या तरी अंगणात कर, मांड सोडून. गाणी देणाऱ्यांची नावं त्यांना विचारून पत्रिकेवर घाल, मानधन मिळालं तर त्यांचा वाटा आधी काढ. आणि आजीच्या रेकॉर्डिंगची एक कॉपी वाड्यावरच्या पोरींना आत्ताच देऊन टाक, प्रयोग होईपर्यंत थांबू नकोस.