मे महिन्यात नागपूरहून समृद्धीवर निघण्याआधी टायरचं काय तपासावं?

हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरवर छापलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा, तेवढी भरायची नसते. उन्हात हवा वाढते म्हणून आपल्याकडे अनेक जण मुद्दाम कमी भरून घेतात. घात तिथेच होतो. कमी हवेचा टायर दबतो, त्याची बाजू सतत वाकून तापते, आणि ४५ अंशांच्या उन्हात तासभर १२० च्या वेगाने पळाला की फाटू शकतो. वाटेत गरम टायरमधली हवाही सोडू नका. टायरवर ‘२३१९’ दिसलं तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी एवढ्या जुन्या टायरवर मी घरच्यांना समृद्धीवर नेणार नाही. स्टेपनीही बघा. आणि पट्टा मागे बसलेल्या आईबाबांनाही लावायला सांगा.