चौदा पॉइंट सहा

"मॅडम, एकच सांगा. मले अटॅक येऊन राहिला का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हा प्रश्न. मे महिन्यातली दुपार, कूलर घरघरत होता, त्यामुळे त्यांना तो दोनदा विचारावा लागला. हातात रिपोर्टची गुंडाळी होती आणि तिला दोन बारीक रबर लावलेले. असे रबर नागपुरात कुठून येतात हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, पन्नीचे. मी ते पाहिलं आणि तेव्हा काही बोलले नाही.

त्यांना मनोहरभाऊ म्हणू. वय ४५, इतवारीत किराण्याचं होलसेल दुकान. नाव आणि काही तपशील बदललेत, बाकी सांगायला त्यांची हरकत नाही. प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीच. गेल्या काही वर्षांत घरी येऊन रक्त नेणारी पॅकेजं निघाली, तेव्हापासून माझ्याकडे महिन्यातून एक-दोन जण तरी हाच कागद घेऊन येतात. कोलेस्टेरॉल, साखर, थायरॉइड आणि शेवटच्या पानावर एचएस-सीआरपी, म्हणजे रक्तातला सीआरपी नावाचा, दाह दाखवणारा पदार्थ बारकाईने मोजणारी तपासणी. त्यासमोर ठळक अक्षरात आकडा, बाजूला 'हाय', खाली बारीक अक्षरात 'हृदयविकाराचा धोका'. मनोहरभाऊंचा आकडा होता १४.६. तक्त्यात ३ च्या वर म्हणजे जास्त धोका. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला होता, जवळपास पाचपट.

रिपोर्ट मोबाइलवर आला त्या रात्री काय केलं, हे मी विचारलं. रात्रभर डावा दंड दाबून पाहिला, म्हणाले. पहाटे बायकोला उठवून नाडी मोजायला लावली. दुसऱ्या दिवसापासून गोदामाचा जिना चढणं बंद, पोत्याला हात लावणं बंद. दुकानातल्या हिशेबनिसानेही हीच तपासणी केली होती, त्याचा आकडा आला ०.४. "तो दिवसभर बसून राहते आणि त्याचा पॉइंट चार, माझा चौदा!"

तो दुसरा रिपोर्ट त्यांनी मोबाइलवर दाखवला. दुसऱ्या लॅबचा होता आणि आकड्यापुढे डेसिलिटर लिहिलेलं होतं. मनोहरभाऊंचा लिटरमध्ये. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणजे हिशेबनिसाचे ०.४ हे खरे ४. मनोहरभाऊ एवढे काटेकोर, तराजूचं माप कधी चुकवणार नाहीत, पण इथे किलो आणि क्विंटलची तुलना करून आठ दिवस झोप घालवली होती. हे सांगितल्यावर पहिल्यांदा हसले. हसताना उजव्या गालाला हात गेला.

"दाढ ठणकते दहा-बारा दिवसांपासून. लवंग ठेवतो."

सीआरपी हा पदार्थ यकृत तयार करतं. शरीरात कुठेही संसर्ग, जखम, सूज झाली की तिथून निरोप जातो आणि यकृत तो रक्तात सोडतं. १९३० साली तो सापडला तोच मुळी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. ताप, पिकलेली दाढ, संधिवात, सगळ्यांनी तो वाढतो, आणि कारण मिटलं की साधारण १९ तासांनी निम्मा, पुन्हा १९ तासांनी त्याच्या निम्मा, असा उतरतो. म्हणून एचएस-सीआरपी १० च्या वर गेला तर त्यावरून हृदयाचा अंदाज बांधायचा नसतो. आधी संसर्ग शोधायचा, बरं व्हायचं, निदान दोन आठवडे थांबून तपासणी पुन्हा करायची. दाढ दुखत असताना ही तपासणी करणं म्हणजे घरात लग्नाची पंगत चालू असताना महिन्याचा किराणा किती लागतो ते ठरवणं.

इथवर ठीक होतं. चूक माझी यापुढची. त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता की मी म्हणून गेले, "भाऊ, हा आकडा दाढेचा आहे, हृदयाचा नाही. दाताच्या डॉक्टरांकडे जा, झोप येईल." मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. 'दाढेचाही असू शकतो' एवढंच म्हणायचा मला अधिकार होता. समोरच्याला लगेच हलकं वाटावं हा आमच्या धंद्यातला जुना मोह आहे, आणि इतक्या वर्षांनीही मी त्यात सापडते.

दाढेचं रूट कॅनल झालं. चार आठवड्यांनी फेरतपासणी. आकडा ३.६.

या वेळी ते बसलेच नाहीत. "तुम्हीच म्हटलं होतं ना, दाढेचा आहे म्हणून? दाढ तर बरी झाली. मग हे काहून उरलं?"

मी माफी मागितली. मग पाणी दिलं आणि जे पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं ते विचारलं. ही तपासणी करावी असं मनात आलं कशावरून? बराच वेळ ते टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. मग सांगितलं. मोठे भाऊ, ज्यांना इतवारीत सगळे 'दादा' म्हणायचे, ते ४७ व्या वर्षी दुकानातच गेले. महिनाभर आधी ईसीजी काढला होता. नॉर्मल. "दादाचा बी रिपोर्ट चांगलाच होता, मॅडम."

म्हणजे त्यांची भीती कागदावरच्या 'हाय'ची नव्हतीच. 'नॉर्मल'वरचाही विश्वास उडाला होता. या माणसाला 'घाबरू नका' म्हणून काहीच उपयोग नव्हता. नॉर्मल ईसीजी असून माणूस कसा जातो, ते आधी समजणं गरजेचं होतं.

आपल्या डोक्यात नळीत साचलेल्या गाळाचं चित्र असतं. हळूहळू गाळ साचतो, एक दिवस नळी तुंबते. खरं चित्र जास्त करून गळवासारखं आहे. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत शिरतं, ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन तिथेच मरतात, आणि भिंतीच्या आत एक धुमसणारा मऊ गोळा तयार होतो. वर पातळ पापुद्रा. गोळा लहान असला तर रक्त सुरळीत वाहतं, छातीत दुखत नाही, बसल्या जागी काढलेल्या ईसीजीत काही दिसत नाही. पण आतल्या दाहाने पापुद्रा झिजून फाटला की तिथे रक्ताची गुठळी धरते, आणि ती मिनिटांत वाट बंद करते. दादांचं नेमकं काय झालं हे मी सांगू शकत नव्हते. पण असं होतं, आणि ईसीजी काढणाऱ्याने त्यांना फसवलेलं नसतं, एवढं मनोहरभाऊंना पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

सीआरपीचं महत्त्व इथे आहे. तो त्या धुमसण्याचा धूर. कुठल्या खोलीत पेटलंय ते धूर सांगत नाही. आणि आनुवंशिक अभ्यासांवरून दिसतं की तो स्वतः आग लावणाराही नाही. पण इतर कुठलंही कारण नसताना तो पुन्हा पुन्हा २-३ च्या वर येत असेल तर दुर्लक्ष करू नये. २००८ साली ज्युपिटर नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७,८०२ माणसं, सगळ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल १३० च्या खाली, म्हणजे चांगलंच म्हणावं असं, पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त. निम्म्यांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी दिली. त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या.

"हळदीने नाही उतरणार?" त्यांनी विचारलं. व्हॉट्सॲपवर आलं होतं. भाजीत घाला, म्हटलं, पण जीव तिच्या भरवशावर ठेवू नका.

मग मी टेबलावरचे ते दोन रबर उचलले. "दिवसाला किती?"

"सात. आठ बी होते कधी."

आठ खर्रे. सुपारी, तंबाखू, चुना, दिवसभर गालात. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्याही सुजलेल्या आहेत असं सांगितलं होतं, ते त्यांनी मला सांगायचं टाळलं होतं. हिरड्यांची सूज सीआरपी वाढवते. पोटाचा घेर वाढवतो, कारण तिथली चरबी नुसती पडून नसते, तीही दाहाचे निरोप पाठवत असते. मनोहरभाऊ पँट पोटाच्या खाली घालायचे आणि कंबर ३६ सांगायचे. बेंबीवरून टेप लावला तर ४१ भरली.

मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि तिथे काय काय सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. सगळ्यात वर दादांचं वय. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडले असतील तर डॉक्टरांचा सगळा हिशेब बदलतो. एचएस-सीआरपीच्या आकड्याने बदलतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

रक्तदाब १४२/९० निघाला. वाईट कोलेस्टेरॉल १४८, उपाशीपोटी साखर १०८. यातलं कोलेस्टेरॉल आणि साखर त्याच पॅकेजच्या दुसऱ्या पानावर होती, महिनाभर कोणी बघितली नव्हती. डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्याच एका भाऊबंदाची तपासणी, करायला सांगितलं, घराण्यातून येणारा प्रकार असल्याने बहुतेकांना आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं. आणि छातीचा साधा सीटी काढून कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा. तो आला २२. आकडा लहान आहे, पण पंचेचाळिशीत शून्य अपेक्षित असतं. शिवाय या सीटीत दिसतं ते जुनं, टणक झालेलं. मऊ गोळे त्यात दिसत नाहीत. स्टॅटिन सुरू झाली, जिना चढायची परवानगी मिळाली. परवानगी कसली, डॉक्टरांनी रागावूनच चढायला लावलं.

जुलैत वहिनींना घेऊन आले. रिपोर्ट या वेळी फाइलमध्ये होता. खर्रे तीनवर आलेत, असं ते म्हणाले. "चार," वहिनी म्हणाल्या.

"हे सीआरपी दर महिन्याला करून पाहू का, मॅडम?"

नको म्हटलं. सर्दी झाली तरी वाढेल आणि तुम्ही पुन्हा रात्रभर दंड दाबत बसाल. डॉक्टर सांगतील तेव्हाच. तोवर रक्तदाब लिहून ठेवा, आणि वहिनींना खर्रे मोजू द्या.

दाराशी गेल्यावर थांबले. दादांचा मुलगा आता दुकानात बसतो, २४ वर्षांचा. "पन्नी माझ्याच खिशातून घेते तो." थोडं थांबून म्हणाले, "त्याले आणू का?"

शनिवारी अकराची वेळ दिली.