तुझ्या घरच्यांशी तूच बोल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

या वर्षी दोन्ही पोरांना घेऊन गणपतीला गावी जायचं ठरवलंस, छान झालं. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा नऊ महिन्यांचा. म्हणजे एक हात सोडवून पळणारी आणि एक कडेवरून न उतरणारा. गाडी कुठली धरू आणि बॅगेत काय काय भरायचं ते विचारलंस, सांगते. पण शेवटी बायकोबद्दल लिहिलंस, "बॅग ती भरेल, तुम्ही फक्त यादी द्या," ते वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही आला. तोही सांगते, आधी गाडीचं उरकून घेऊ.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. गणपतीच्या दिवसांची तिकिटं सकाळी आठला उघडतात आणि चहा गाळेपर्यंत वेटिंग लागतं, हे तुला वेगळं सांगायला नको. मिळत असेल तर दिवसाची गाडी घे. मांडवी एक्सप्रेस सकाळी मुंबईहून सुटते. पोरं जागी असतात, खिडकीतून नद्या आणि बोगदे दिसतात, डब्यात खायलाही मिळत राहतं. रात्रीची गाडी बरी, पोरं झोपतील, असं सगळे म्हणतात. पण गणपतीच्या गर्दीत आरक्षित डब्यातही माणसं पॅसेजमध्ये बसलेली असतात, दिवे चालू असतात, आणि पहाटेच्या अंधारात झोपलेली दोन पोरं आणि चार बॅगा घेऊन कणकवलीला दोन मिनिटांत उतरायचं असतं. रात्रीची तुतारी एक्सप्रेस धरायची वेळ आलीच तर तारीख नीट बघ. ती दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारचं लागतं. दरवर्षी कुणी ना कुणी यात फसतं.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. लेकीसाठी पूर्ण तिकीट काढून बर्थ घे. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. तिला मांडीवर घेऊन रोह्याच्या पुढे गेलास की तुला पटेल.

आणि गाडी उशिरा पोचणार असं धरूनच चाल. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. समोरची गाडी जाईपर्यंत आपली क्रॉसिंगला उभी. त्यात पावसाळी वेळापत्रक, म्हणजे वेग आधीच कमी केलेला, आणि जोराचा पाऊस लागला तर आणखी कमी. गणपतीच्या जादा गाड्या तर हमखास रखडतात. म्हणून वेळापत्रकात लिहिलेत त्याहून चार-पाच तास जास्त पुरेल इतकं पोरांचं खाणं, पाणी आणि डायपर हाताशी ठेव. सीटखालच्या मोठ्या बॅगेत ठेवलेलं डायपर नसल्यातच जमा. धाकट्यासाठी भाजलेल्या नाचणीचं पीठ आणि थर्मासमध्ये गरम पाणी घे. थोरलीला दशम्या, केळी, खाकरा असं कोरडं खाणं दे. जलसंजीवनीची पाकिटं घे, एक पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात, मोठं असेल तर बरोबर एक लिटर, अर्ध्या ग्लासात अंदाजाने नाही.

वाडीतल्या लोकांनी मिळून एसटी केली असेल आणि ती थेट वाडीत जाणार असेल तर तोही मार्ग वाईट नाही. स्वतःची गाडी नेणार असशील तर रात्री चालवू नकोस. महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, वळणरस्ते कुठे काढून ठेवले असतील ते अंधारात कळत नाही. घाटात उलट्या धाकट्याला फारशा होणार नाहीत, त्या साधारण दोन वर्षांनंतरच्या मुलांना होतात. थोरलीला होऊ शकतील. घाट लागायच्या आधी पोट रिकामंही नको आणि तुडुंब भरलेलंही नको. मोबाईल काढून घे, लांबचं बघायला लाव. औषध द्यायचं तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, गावातल्या दुकानातून आणून नाही.

प्रवासाचं एवढंच. तो बारा तासांचा असो की अठरा, संपतो. खरी परीक्षा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाय ठेवल्यावर सुरू होते.

थोरलं घर आहे तुमचं. पाच चुलते, त्यांच्या सुना, नातवंडं, ठाण्याहून आणि विरारहून आलेले चाकरमानी, सगळे पडवीत उभे असणार. "हाड हय तेका!" (आण इकडे त्याला) म्हणत आठ हात पुढे येतील. धाकटा किंचाळून रडेल. आठ-नऊ महिन्यांचं पोर अनोळखी तोंडं बघून रडतंच, ती त्याच्या वाढीची खूण आहे. पण घरात कुणीतरी म्हणेलच, "शहरातली पोरां, माणसांची सवय नाय." आणि ते तुला उद्देशून नसेल, तुझ्या बायकोला असेल. पोर रडलं की बोल आईला लागतो.

म्हणून माझं खरं सांगणं हे की, ही तुझी माणसं आहेत, यांच्याशी बोलायचं काम तुझं. बाळाला पहिला अर्धा तास तू कडेवर घे आणि हसत सांग, "काकी, जरा रुळू दे, मग तुमच्याकडेच आहे तो पाच दिवस." हेच वाक्य तिने म्हटलं तर सून नखरेल ठरते, तू म्हटलंस तर पोरगा बापाला लाडका आहे म्हणून हसून सोडून देतात. हे बरोबर नाही, पण आहे. निदान त्याचा उपयोग तरी कर.

खाण्याच्या बाबतीत तर हे फारच लागेल. धाकट्याला कुणीतरी मध चाटवायला येईल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आईला हे शास्त्र सांगत बसू नकोस, ती म्हणेल, "आमी काय पोरां वाढवूक नाय?" आणि ते खरंच आहे, तुला तिनेच वाढवलंय. "डॉक्टरांनी बजावलंय, वर्ष झाल्यावर तूच पहिल्यांदा चाटव," असं सांग. गुटी उगाळून द्यायची टूम निघाली तर हेच उत्तर. दुसरं भय प्रसादाचं. गावात आरती घरोघरी फिरते आणि प्रत्येक घरी मुठीत खोबऱ्याचे तुकडे, फुटाणे, शेंगदाणे पडतात. लेक ते तोंडात कोंबून पळणार. फुटाणा किंवा दाणा श्वासनळीत अडकला तर आरडाओरडा करायलाही आवाज निघत नाही. तिची मूठ तू उघडून घे, खोबरं बारीक करून दे, फुटाणे-दाणे तू खा.

नुसता नाही-नाही म्हणत हिंडू नकोस मात्र. पाच दिवस नकारघंटा वाजवणारा पाहुणा कुणाला आवडतो? आईला काहीतरी तिचं स्वतःचं दे. बाळाला न्हाऊ घालायला सांग, ते तिच्यासारखं तुला-मला जमणारही नाही. चुलीवरची उकड्या तांदळाची पेज धाकट्याला तिच्याच हातून भरव, मीठ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढून. त्या वयाला याहून चांगलं खाणं मुंबईत विकत मिळत नाही. थोरलीला आजोबांबरोबर गोठ्यात जाऊ दे, चिखलात अनवाणी नाचू दे. जेवायच्या वेळा चुकतील, टीव्ही जास्त होईल, तीन करंज्या हाणून जेवायला नकार देईल. जाऊ दे. पाच दिवसांत पोर बिघडत नाही. घरच्या शिस्तीचा बोर्ड कुर्ल्यालाच उतरवून ठेव.

गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधायच्या कवंडळांची आणि कांगण्यांची, म्हणजे रानफळांची, नावं लेकीला चुलत्यांकडून शिकू दे, फक्त रानातलं फळ तोंडात घालायचं नाही हे बजावून ठेव.

जिथे सैल सोडायचं नाही त्या जागा थोड्याच आहेत. विहीर. पावसाळ्यात पाणी काठाशी आलेलं असतं, आणि जुन्या विहिरींना कठडा असेलच असं नाही. पोचल्या दिवशी लेकीचा हात धरून घराभोवती फेरी मार आणि विहीर, व्हाळ (ओढा), शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या कुठे आहेत ते स्वतः बघ. तू तिथेच वाढलास म्हणून तुला ते दिसेनासं झालेलं असणार. "एवढी माणसं आहेत, कुणीतरी बघेल," या भरवशावर मूल सोडायचं नाही. वीस माणसांच्या घरात प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. घड्याळ लावून पाळी ठरवा, आता मी, चारनंतर तू. विसर्जनाला पाण्यात उतरणाऱ्यांत तू असशील तर लेकीचा हात नाव घेऊन कुणाकडे तरी सोपव.

दुसरी जागा अंथरूण. जमिनीवर झोपताना चटई-गोधडी झटकून घे, चपला-बूट पालथे करून मगच पायात. फुरसं हा विषारी साप आणि विंचू दोन्ही पावसाळ्यात घराच्या आसऱ्याला येतात. लाल विंचवाने पूर्वी कोकणात लहान मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं आणि ते चित्र पालटलं. पण औषध वेळेत मिळालं तरच. मूल एकाएकी कळवळून रडायला लागलं, घामाघूम झालं, हातपाय गार पडले, तर उतारा-मंत्र बघत बसू नकोस. तसंच साप चावल्यास घट्ट आवळून बांधणं नको, चिरणं नको, थेट रुग्णालय. १०८ लाव आणि त्याच वेळी वाडीतल्या रिक्षावाल्याला उठव, जे आधी येईल ते. त्याचा नंबर पोचल्याच दिवशी घेऊन ठेव. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे चुलत्याला विचार. सणात कशाला असलं विचारतोस म्हणतील. म्हणू दे.

मच्छरदाणी न्यायची, बाळापुरती छोटी. टॉर्च दोन, कारण वीज जातेच, आणि बरोबर आरतीच्या वेळी जाते.

आता बॅगेबद्दलचा राग. तुझी बायको गौरीपुढे सुपं ओवसायला, ओवशाला, उभी राहील, वड्यांचं पीठ मळेल, पंचवीस पानं वाढेल, आणि या सगळ्यात बाळ तिच्याच कडेवर असेल, कारण तू भजनाला बसलेला असशील. हे मी घराघरात पाहिलंय आणि सगळ्यांना ते सणाचाच भाग वाटतं. ढोलकी-झांजांचा आवाज माजघरात कोंडतो, बाळाच्या कानाला तो सोसत नाही. बाळाला घेऊन बाहेर कुणीतरी जायचंच असतं. एका रात्री तो कुणीतरी तू हो. ती फुगडीला जाऊ दे, रात्री बारापर्यंत. तू धाकट्याला खांद्यावर टाकून खळ्यात फेऱ्या मार. चुलते टिंगल करतील, एक-दोन वहिन्या बघत राहतील. पुढच्या वर्षी त्यांच्या नवऱ्यांना त्या काहीतरी सांगतील, तो तुझा प्रश्न नाही.

बॅगही तूच भर. तिने यादी केली तरी हात तुझे लागू दे, म्हणजे रात्री दोनला तापाचं औषध कुठल्या कप्प्यात आहे हे विचारायला तिला उठवावं लागणार नाही.

आणि तिचं माहेर साताऱ्याकडे आहे ना? पोरांच्या जन्मापासून दोन्ही मोठे सण तुमच्याकडेच झाले, असं ती मागे मला बोलता बोलता म्हणाली होती. तक्रार नव्हती तिची. दिवाळीची तिकिटं काढताना लक्षात ठेव.

परतीचं तिकीट कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवसाचं काढू नकोस, एक दिवस मधे मोकळा ठेव. निघताना नारळ, तांदूळ, तवशी (मोठी काकडी), कुळथाची पिठी असं बरंच काही बांधून देतील. नाही म्हणू नकोस, पण नारळ सोलून घे, वजन निम्मं होतं.

मुंबईत आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत चौघांपैकी कुणालाही ताप आला तर घरच्या गोळीवर दोन दिवस काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग की कोकणात होतो, पोरं साचलेल्या पाण्यात आणि चिखलात खेळली. लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा, विचार त्यांना लगेच करता येतो. पायाला खरचटलेलं असेल तर तेही दाखव.

आरक्षण झालं की कळव. मांडवी मिळाली नाही तर दुसरं काय करता येईल ते फोनवर बोलू.

तुझी,
ताई