पांढरा सदरा करडा का दिसतो?

प्रश्न : आषाढी वारीच्या वेळी दिवे घाटात ढगाळ हवेत मी फोटो काढले. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, आपण ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने) होता. वारकऱ्यांचे पांढरेशुभ्र सदरे आणि टोप्या मळकट करड्या आल्या, आणि काळी घोंगडी पांघरलेल्या एका आजोबांचा जवळून काढलेला फोटो मात्र फिकट आला. दुकानदार नवा कॅमेरा घ्या म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, सासवड

उत्तर : घेऊ नये. आपल्या कॅमेऱ्यात बिघाड नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. तो प्रकाश पांढऱ्या सदऱ्यावरून आला की काळ्या घोंगडीवरून, हे त्याला कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे तो गृहीत धरतो. त्यामुळे चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की प्रकाश फार झाला असे समजून तो एक्सपोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा प्रकाश, कमी करतो आणि काळ्या घोंगडीसमोर नेमके उलटे करतो. नव्या कॅमेऱ्यांचे मीटर अधिक हुशार असले, तरी ही खोड त्यांचीही पुरती गेलेली नाही.

यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे, तो म्हणजे अधिक-उणे चिन्हाचे, एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचे बटण. समजा, आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याची सेन्सरची पातळी) ४०० आणि ॲपर्चर एफ/८ असताना मीटरने १/५०० सेकंद सुचवले. आपण +१ केले की शटर १/२५० होईल आणि सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडेल. पांढऱ्यासाठी अधिक आणि काळ्यासाठी उणे, हे प्रथम उलटे वाटते व बहुतेकांची चूक इथेच होते. ढगाळ आकाशाने चौकटीचा बराच भाग व्यापला असेल, तर +१ सुद्धा अपुरे पडू शकते. कडक उन्हात मात्र हात आखडता घ्यावा, कारण काळोख्या भागातील तपशील थोडे दाणे (खरखरीत ठिपके) पत्करून नंतर उजळता येतात, पण पूर्ण जळालेल्या पांढऱ्यात परत आणण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून हिस्टोग्राम (फोटोतील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना, हे पाहावे आणि शक्य असल्यास रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवावी. काम झाल्यावर बटण शून्यावर आणायला विसरू नये. या विसरभोळेपणापायी माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली आहे.

प्रश्न : रात्रीच्या कीर्तनात १८-५५ लेन्सने काढलेले फोटो हलतात. ५० मिलिमीटर, एफ/१.८ लेन्स घ्यावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर : जरूर घ्यावी. आपली लेन्स ५५ मिलिमीटरला जेमतेम एफ/५.६ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), एफ/१.८ वर त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत येतो, त्यामुळे जिथे १/१५ सेकंद लागत होते तिथे १/१२५ पुरते. लेन्समधील स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरते, पण नाचणाऱ्या कीर्तनकारांना ते थांबवू शकत नाही. मात्र इतक्या उघड्या ॲपर्चरला फोकसची खोली फारच कमी राहते, म्हणून फोकस डोळ्यांवर धरावा आणि पुढे आलेल्या हातातील चिपळ्या धूसर होणार हे स्वीकारावे. शिवाय एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराच्या) सेन्सरवर या लेन्सची चौकट अरुंद पडते. संपूर्ण मंडप टिपण्यासाठी जुनी लेन्स लागेल, ती विकू नये.