जुनी डिझेल गाडी आणि इंजिनाची फाउंडेशन : वाचकांचे प्रश्न

माझी २०११ ची स्विफ्ट डीडीआयएस आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग आणि सीट थरथरतात. गॅरेजवाले म्हणतात तिन्ही फाउंडेशन गेली. खात्री कशी करायची? (सातारा)

फाउंडेशन म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणारे रबर-लोखंडाचे आधार (इंजिन माउंटिंग). आधी थरथर कोणत्या जातीची आहे ते ओळखा. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण २७ ठोके देतं. फाउंडेशनचं रबर बसलं की हे ठोके रबरात न जिरता थेट बॉडीत येतात आणि स्टिअरिंगवर बारीक, एकसारखी थरथर लागते. एखादं सिलिंडर कमी ताकद देत असेल तर गाडी सेकंदाला सहा-सात वेळा डुलते. बॉनेट उघडल्यावर इंजिनाचे हेलकावे डोळ्यांना दिसतात. हे मिसिंग आहे. अशा वेळी स्कॅनर लावून चारही इंजेक्टरचं करेक्शन बघा, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलमध्ये गाडीचा कंप्युटर किती कमी-जास्त करतोय ते. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा असेल तर पैसे तिथे घालवा, फाउंडेशनवर नाही. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला असला तरी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनाचं चालणं, असंच खराब होतं.

इंजिन ठीक निघालं तर दोघांनी मिळून एक चाचणी करा. एकाने आत बसून हँडब्रेक ओढायचा, फुटब्रेक पूर्ण दाबायचा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच फक्त इंजिन कलायला लागेल इतकाच सोडायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही नको. इंजिन एका बोटाच्या जाडीइतकं कललं तर चालतं. दोन बोटांच्या जाडीहून जास्त उसळलं किंवा ‘धप्’ असा आवाज आला तर फाउंडेशन गेलंय.

मग टॉर्च घेऊन रबर आणि लोखंड जिथे चिकटलेले असतात ती कड तपासा. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, त्यांनी बिघडत नाही. रबर लोखंडापासून सुटलेलं असेल तर मात्र ते संपलं. फाउंडेशनमध्ये द्रव भरलेला असेल तर खाली काळपट, चिकट ओघळ दिसतो.

इंजिन चालताना शांत आणि बंद करतानाच जोरात हिसका देत असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. पुष्कळ डिझेल गाड्यांत चावी बंद करताक्षणी हवेचा मार्ग रोखणारी झडप असते. ती काजळीने अडकली की इंजिन थांबताना दणका देतं, आणि दोष विनाकारण फाउंडेशनला लागतो.

एकच फाटलंय. एकच बदलू की सगळी? (रत्नागिरी)

मागचा टॉर्क रॉड असेल तर एकटा बदलायला हरकत नाही. त्यावर इंजिनाचं वजन नसतं, तो फक्त इंजिनाला मागे-पुढे झुलण्यापासून धरतो. वजन पेलणारी इंजिनाकडची आणि गिअरबॉक्सकडची फाउंडेशन मात्र जोडीनेच बदलावीत. एक बाजू बसलेली आणि दुसरी नवी असेल तर इंजिन तिरकं राहतं आणि नव्या रबरावर वाकडा ताण येतो.

त्याआधी ते का फाटलं हे शोधा. इंजिन ऑइल आणि डिझेल नैसर्गिक रबराला फुगवतात आणि मऊ करतात. वरून टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असेल किंवा डिझेल फिल्टरच्या जोडातून थेंब पडत असेल, तर नवं फाउंडेशनही त्याच वाटेने जाईल. गळती आधी, रबर नंतर.

हे काम घरी करता येईल का? ट्रॉली जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणि सॉकेट सेट आहे. (अकोला)

स्विफ्टसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत येईल, पण टॉर्क रेंचशिवाय (बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच आवळायचा पाना) हात घालू नका. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टना गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्या. खाली जायचं असेल तर गाडी घोड्यांवरच टेकवा, नुसत्या जॅकवर कधीही नाही.

ऑइल चेंबरखाली (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) जॅक लावताना मध्ये दीड-दोन इंच जाड, रुंद फळी घ्या आणि ती चेंबरच्या कडेशी ठेवा. पातळ पत्रा मधोमध दबला तर तो आतल्या ऑइल पिकअपला (ऑइल ओढणाऱ्या नळीला) टेकतो आणि ऑइल प्रेशर जातं; ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर सरळ तडकतो. गिअरबॉक्सकडचं फाउंडेशन काढताना आधार गिअरबॉक्सखाली द्या. जॅक फक्त बोल्टवरचा भार उतरेल इतकाच चढवा. इंजिन जास्त वर गेलं तर इंटरकूलरचा पाइप, एसीची नळी आणि सायलेन्सरचा लवचिक तुकडा ताणले जातात, एक्सलचा आतला जॉइंटही निसटू शकतो.

एका वेळी एकच फाउंडेशन काढा. ब्रॅकेटची मूळ जागा खडूने आखून ठेवा. नवे बोल्ट पहिले चार-पाच आटे हाताने फिरवा. हाताने जात नसेल तर जॅक थोडा वर-खाली करून भोक जुळवा. पान्याने ओढलं की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. इम्पॅक्ट गनला इथे काम नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळे बोल्ट नुसते टेकवून ठेवा, जॅक पूर्ण काढा, इंजिनाचं वजन फाउंडेशनवर येऊ द्या, दोन्ही हातांनी इंजिन हलवून त्याला आपली जागा घेऊ द्या, आणि मगच शेवटचं आवळा. टॉर्क रॉड सगळ्यात शेवटी. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर ८.८ ग्रेडच्या १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला (पान्याचं माप नव्हे) साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला ८० ते ८५ लागतात. मॅन्युअलमध्ये आकड्यापुढे अंश दिलेले असतील तर तो बोल्ट आवळताना ताणला जातो, तिथे नवाच घ्या. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी परत लावायला विसरू नका, नाहीतर स्टार्टर मरगळल्यासारखा फिरेल.

तिन्ही फाउंडेशन नवी टाकली, तर थरथर आधीपेक्षा वाढली! (डोंबिवली)

नवं रबर जुन्यापेक्षा किंचित कडक असतं, पहिले काही शे किलोमीटर थोडा फरक जाणवेल. पण ‘वाढली’ म्हणण्याइतका फरक असेल तर बहुतेक वेळा बोल्ट इंजिन लटकत्या स्थितीत आवळलेले असतात. रबर पिळलेल्या अवस्थेतच घट्ट झालेलं असतं आणि जिरवायला त्याच्याकडे जागा उरत नाही. सगळे बोल्ट ढिले करून, इंजिन बसू देऊन पुन्हा आवळा. याला सुटे भाग लागत नाहीत, फक्त तासाभराची मजुरी, म्हणून हे पहिलं करून बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर जुना आणि नवा भाग शेजारी ठेवून बघा. जिथे कंपनीने द्रवाचं फाउंडेशन दिलंय तिथे बाजारात हुबेहूब दिसणारं भरीव रबराचं मिळतं. ते स्वस्त असतं, पण त्यात आयडलिंगची थरथर गिळणारा द्रव नसतो. पॉलियुरेथेनच्या (रबराहून कडक प्लास्टिकच्या) फाउंडेशनचीही तीच गत: इंजिन हलणं कमी होतं, पण रोजच्या डिझेल गाडीत ती सगळी थरथर केबिनमध्ये येते. शेवटी सायलेन्सरचा पाइप, एअर फिल्टरचा डबा किंवा एखादी नळी बॉडीला टेकत नाही ना, ते हात फिरवून बघा. इंजिनाची उंची बदलली की असं काहीतरी टेकतंच.

बोलेरो आहे. पहिल्या गिअरमध्ये उचलताना दणदण करते आणि ताशी ७० च्या आसपास व्हायब्रेशन येतं. फाउंडेशनच ना? (कोल्हापूर)

दोन तक्रारी वेगळ्या धरा. बोलेरोत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, असतं: दोन बाजूंना दोन फाउंडेशन आणि मागे क्रॉस मेंबरवर गिअरबॉक्सचं. हे मागचं रबर बसलं की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि गाडी उचलताना दणदणते. क्लच प्लेटला ऑइल लागलं असलं तरीही असंच होतं, म्हणून क्लच काढण्याआधी गिअरबॉक्सखाली पहार घालून, हलक्या हाताने उचलून बघा. रबर आणि पत्र्यात फट पडली तर उत्तर मिळालं.

ठरावीक वेगालाच येणारं व्हायब्रेशन मात्र फाउंडेशनचं सहसा नसतं. त्या वेगाला गिअर न्यूट्रल करून रिकाम्या, सरळ, सपाट रस्त्यावर गाडी थोडी वाहू द्या. चावी चालूच ठेवा. व्हायब्रेशन तसंच राहिलं तर इंजिन निर्दोष आहे. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे), शाफ्टचा बॅलन्स आणि चाकं तपासा. क्रॉस बदलताना शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खुणा करायला मेकॅनिकला सांगा. शाफ्ट फिरवून उलटा बसवला की व्हायब्रेशन जायच्या ऐवजी वाढतं.