पहिल्या लसींच्या आधी एवढंच

बाई, पहिलटकरणीला धास्ती वाटतेच. बाळाच्या लसींची सगळी यादी आत्ता पाठ करायची गरज नाही.

आधी लसीकरणाचं कार्ड सांभाळ. बाळंतपण माहेरी बीडला, सासर लातूरला, असं आपल्याकडं घरोघरी. कार्ड माहेरच्या कपाटात राहतं अन् इकडं सिस्टर विचारते, कोणती लस झाली? सोबतच ठेव, मोबाईलवर फोटोही काढून ठेव. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. कार्ड दाखवलं की तिथल्या सरकारी केंद्रातही लस मिळते, फुकट.

जन्माच्या लसींनंतर ६, १०, १४ आठवडे, मग ९ महिने. सध्या एवढंच लक्षात ठेव.

नव्या आया इथं चुकतात:
- थोडी सर्दी दिसली की लस पुढं ढकलतात. साध्या सर्दीत चालते. ताप जास्त असेल तर आधी सिस्टरला विचार.
- तारीख हुकली म्हणून शरमेनं जातच नाहीत. जा गं! पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढं.
- डाव्या दंडावर बीसीजीची (टीबीच्या लसीची) पुळी येते, कधी पू होतो. आजीबाई हळद घेऊन येतील, लावू देऊ नको. आपोआप सुकते, वण राहतो.

टोचल्यावर अर्धा तास तिथंच बस. पेंटाव्हॅलेंटनंतर (पाच रोगांवरची एकच लस) एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. औषध वजनावर असतं, अंदाजानं पाजू नको.