मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडद्याची सूज उतरत नसेल तर?

ऑपरेशनला चार महिने झाले, थेंब चालू आहेत, तरी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची (रेटिनावरची) सूज आहेच, असं तुम्ही विचारलंय. ही सूज बहुधा ४ ते १२ आठवड्यांत दिसू लागते आणि बऱ्याच जणांची काही महिन्यांत उतरते. स्टेरॉइड आणि सूज कमी करणारे बिनस्टेरॉइड थेंब, दोन्ही मिळून, ही पहिली पायरी. ते नेमाने पडलेत का, हे आधी प्रामाणिकपणे तपासा. बरेचदा घोडं तिथेच अडतं.

तरीही ओसीटीत (पडद्याच्या थरांचं स्कॅन) पाणी दिसत असेल तर डोळ्याच्या बाजूने किंवा आत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. डोळ्यात बसवायचं, हळूहळू औषध सोडणारं डेक्सामेथासोनचं (हेही स्टेरॉइडच) इम्प्लांटही असतं. यात डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तो मोजत राहावा लागतो. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्याच, कारण त्याचे काही थेंबही सूज वाढवू शकतात.

मधुमेह असेल तर सूज नेमकी कशाची, हे ठरवावं लागतं. मधुमेहामुळे असेल तर अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन (रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपणं कमी करणारं) उपयोगी पडू शकतं. लेन्सचा तुकडा आत राहिला असेल किंवा डोळ्यातली जेली पडद्याला ओढत असेल, तर शस्त्रक्रिया. रेटिना तज्ज्ञाला दाखवा, आणि थेंब स्वतःहून बंद करू नका.